खोदकाम नऊ दिवस लांबलं, मग स्लॅबची तारीख तीच कशी?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका साइटवरून फोन आला. तळमजला अधिक दोन मजले, घरगुती इमारत. फोनवर साइटवरची तरुण इंजिनियर होती.

"ताई, खाली जांभा फार कठीण लागला. दहा दिवसांचं खोदकाम एकोणीस दिवस चाललं. फाईलमध्ये मी दहाचे एकोणीस केले, तरी पहिला स्लॅब अजून १९ जानेवारीलाच दिसतोय. मालकांना हीच तारीख सांगू का?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी फोंड्याच्या कंत्राटदाराकडून, कधी वेर्ण्याला कारखान्यात मशीन बसवणाऱ्यांकडून, कधी हॉटेलच्या डागडुजीचं काम घेतलेल्यांकडून. कामांच्या तारखा आखायचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट असतं. प्रत्येकाचे शब्द वेगळे, तक्रार एकच: अगोदरचं काम हललं पण पुढचं हललं नाही, नाहीतर कोणी हात न लावता भलतंच काम पुढे सरकलं. मी ज्या क्रमाने शोधते, साधारण त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. आपली फाईल उघडी ठेवून वाचलं तर वाचता वाचताच तपासून होईल. फक्त हात लावण्यापूर्वी फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. दुरुस्तीच्या भरात मूळ आराखडा पुसला गेला, तर उशीर नक्की कुठे झाला हे नंतर कोणालाच दाखवता येत नाही.

लाल ठिपका

साखळीची फाईल मी मागवून घेतली आणि थेट स्लॅबच्या ओळीवर गेले. ओळ क्रमांकाच्या शेजारी इंडिकेटर्सचा अरुंद रकाना असतो. तिथे कॅलेंडरचं इवलंसं चित्र होतं आणि त्यावर लाल ठिपका. माऊसचा बाण त्यावर नेला तशी चौकट उघडली: ह्या कामाला 'मस्ट स्टार्ट ऑन' हे बंधन आहे, तारीख १९ जानेवारी २०२६.

चौकशी केली तेव्हा कळलं की मालकांनी भटजींना विचारून स्लॅबचा मुहूर्त काढला होता. आराखडा करणाऱ्याने तो मान राखायचा म्हणून यादीतून 'मस्ट' निवडलं. त्याचा हेतू चांगला होता. पण 'मस्ट स्टार्ट ऑन'चा अर्थ सॉफ्टवेअर अक्षरशः घेतं: आधीचं काम संपो वा न संपो, हे काम त्याच दिवशी सुरू. म्हणून गँट चार्टवर (कामांच्या पट्ट्यांच्या तक्त्यावर) सळी बांधणीची पट्टी २९ जानेवारीला संपत होती आणि काँक्रीट १९ जानेवारीलाच पडत होतं. दोघांना जोडणारा बाण, म्हणजे लिंक, मागे वळलेला होता. बांधायच्या सळीवर दहा दिवस आधीच काँक्रीट!

सॉफ्टवेअर हे लपवत नव्हतं. काम किती दिवस लांबलं तरी चालेल हे सांगणारा 'टोटल स्लॅक' हा रकाना मी उघडला तर सळी बांधणीसमोर उणे नऊ दिवस. हिशेब असा: १९ तारखेच्या सोमवारी काँक्रीट पडायचं तर सळी शनिवारी, १७ ला बांधून व्हायला हवी. ती होते २९ ला. मधले दोन रविवार आणि २६ जानेवारीची सुट्टी सोडली तर कामाचे नऊ दिवस उरतात. खोदकाम लांबलं तेही नऊच दिवस. म्हणजे उशीर पूर्णच्या पूर्ण त्या एका रकान्यात येऊन बसला होता, पण रकाना कोणी उघडलेलाच नव्हता. माझी विनंती आहे की हा रकाना पडद्यावर कायम ठेवा. त्यात उणे आकडा दिसला की कुठेतरी तारीख आणि लिंक ह्यांची टक्कर झालेली आहे, हे धरून चाला.

दुरुस्ती दोन मिनिटांची. कामाच्या नावावर दोनदा क्लिक केलं की 'टास्क इन्फॉर्मेशन' उघडतं. त्यात 'अॅडव्हान्स्ड' ह्या पानावर 'कन्स्ट्रेंट टाइप' बदलून 'अॅज सून अॅज पॉसिबल' करायचं. त्याच पानावर 'डेडलाइन' नावाचा रकाना आहे, १९ जानेवारी तिथे लिहायची. डेडलाइन कामाला धरून ठेवत नाही. ती चार्टवर हिरव्या बाणाच्या रूपात उभी राहते, आणि काम तिच्या पलीकडे गेलं की इंडिकेटर्समध्ये उद्गारचिन्हाचा लाल चौकोन येतो. बदल केल्याबरोबर स्लॅब ३० जानेवारीला गेला, बाण १९ वर राहिला, आणि दोघांमधलं अंतर डोळ्यांना दिसायला लागलं.

कंत्राटदारांनी त्याच संध्याकाळी फोन केला. "बाय, हे लाल चिन्ह मालकांना दाखवायचं?"

मी म्हटलं, दाखवाच. नऊ दिवस आज कळले तर सेंट्रिंगला दुसरी टोळी लावता येईल, नाहीतर दुसरा मुहूर्त बघता येईल. १८ जानेवारीला कळले तर काहीच करता येणार नाही.

निळा ठिपका

लाल ठिपका निदान ठळक असतो. खरा त्रास निळ्या ठिपक्याचा. तो कोणीही मुद्दाम लावत नाही, तो आपोआप लागतो.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये आपोआप आखल्या जाणाऱ्या कामाच्या 'स्टार्ट' रकान्यात तुम्ही तारीख टाईप केली, तर सॉफ्टवेअर ती नोंद म्हणून ठेवत नाही. ते तिचा हुकूम करतं: 'स्टार्ट नो अर्लियर दॅन', ह्या तारखेच्या आधी सुरू करू नये. 'फिनिश'मध्ये टाईप केली तर 'फिनिश नो अर्लियर दॅन'. माऊसने पट्टी ओढून बाजूला सरकवली तरी तेच. चौथी वाट फारशी कोणाला माहीत नसते. 'अपडेट प्रोजेक्ट'मधून उरलेलं काम अमुक तारखेनंतर ढकलण्याची सोय आहे. ती वापरली की ज्या कामांना अजून सुरुवात झालेली नाही त्यांच्यावर हेच बंधन बसतं, एकदम पन्नास-साठ ओळींवर सुद्धा. दर महिन्याला फाईल अद्ययावत करणाऱ्यांच्या फाईली अशाच हळूहळू आखडत जातात.

ह्या बंधनाची दिशा नीट लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. 'स्टार्ट नो अर्लियर दॅन' काम मागे, म्हणजे लवकरच्या तारखेला, येऊ देत नाही. पुढे ढकलायला त्याची हरकत नसते. त्यामुळे अगोदरचं काम थोडं लांबलं आणि तरी पुढचं हललं नाही, तर दोघांच्या मध्ये ह्या बंधनाने पोकळी तयार केलेली असते आणि उशीर त्या पोकळीत जिरलेला असतो. पोकळी भरली की पुढचं काम हलायला लागतं. "परवापर्यंत हलत नव्हतं, आज अचानक हललं" ह्या तक्रारीचं कारण बहुधा हेच निघतं.

म्हापशाकडच्या एका कामात फुटिंग (पायाचं काँक्रीट) १४ नोव्हेंबरला लागणार होतं. सळी २४ ला मिळेल असं दुकानदाराने कळवलं, म्हणून कोणीतरी फुटिंगच्या स्टार्टमध्ये २४ नोव्हेंबर टाईप केलं. प्रत्यक्षात सळी १५ च्या संध्याकाळीच साइटवर उतरली. सोमवारी, १७ ला फुटिंग सुरू करता आलं असतं. पण चार्टवर पट्टी २४ च्या अलीकडे यायला तयार नाही. काँक्रीटवाल्याला कळवलेली तारीख २४, सुपरवायझरच्या भिंतीवर लावलेल्या कागदावरही २४. कामाचे सहा दिवस असेच गेले. पुढे महिन्याभराने मी विचारलं की २४ कशासाठी, तर कोणाला आठवेना.

अशा वेळी मी सांगते: तारीख कामावर घालू नका, तिच्या कारणावर घाला. 'सळी साइटवर पोचली' अशी शून्य दिवसांची वेगळी ओळ करा. दुकानदाराने दिलेली २४ तारीख त्या ओळीवर 'स्टार्ट नो अर्लियर दॅन' म्हणून लावा आणि ती ओळ फुटिंगला जोडा. फुटिंगवर मात्र कसलंही बंधन नको. सळी लवकर आली की त्या ओळीत खरी तारीख भरायची, फुटिंग आपोआप मागे येतं. उशिरा आली तर आपोआप पुढे जातं. आणि सहा महिन्यांनी फाईल उघडणाऱ्यालाही थांबण्याचं कारण नावानिशी वाचता येतं.

फाईलमध्ये अशी बंधनं किती आहेत ते बघायला 'कन्स्ट्रेंट टाइप' आणि 'कन्स्ट्रेंट डेट' हे दोन रकाने घाला. फिल्टरमध्ये 'टास्क्स विथ फिक्स्ड डेट्स' असाही तयार फिल्टर आहे, पण तो सुरू झालेली कामंही दाखवतो, म्हणून मी रकानेच वापरते. सगळ्या ओळी निवडून एका झटक्यात 'अॅज सून अॅज पॉसिबल' करता येतं आणि तो मोह प्रत्येकाला होतो. करू नका. त्या बंधनांमध्ये चार-दोन खरी असतात: पंचायतीचा परवाना मिळण्याची तारीख, वीज जोडणीची तारीख, मासेमारी बंदी. मालिमच्या धक्क्यावर ट्रॉलर काठाला घेऊन इंजिनाचं मोठं काम करायचं असेल तर ते १ जूनपूर्वी सुरू होत नाही आणि ३१ जुलैच्या आत उरकावं लागतं. ती तारीख सरकारने ठरवलेली आहे, तिथे बंधन हवंच. प्रत्येक बंधनासमोर कारण विचारा. कारण मिळालं तर 'नोट्स'मध्ये लिहून ठेवा, नाही मिळालं तर बंधन काढा.

ठिपकाच नाही, तरी हलत नाही

आता ज्या ओळीवर कॅलेंडरचं चित्र नाही, लिंक दिसते आहे, आणि तरी काम जागचं हलत नाही, अशा ओळींकडे.

आधी 'टास्क मोड'चा रकाना बघा. तिथे टाचणीचं चित्र असेल तर ते काम हाताने आखलेलं आहे. ही सोय २०१० च्या आवृत्तीपासून आली आणि तेव्हापासून नवीन काम मुळातच हाताने आखलेलं म्हणून जन्माला येतं. अशा कामाच्या आधीचं काम लांबलं की तारखेखाली लाल नागमोडी रेघ येते, तारीख मात्र बदलत नाही. ओळी निवडून 'ऑटो शेड्यूल' दाबलं की झालं. खालच्या पट्टीवर 'न्यू टास्क्स' असं लिहिलेलं असतं, तिथेही 'ऑटो शेड्यूल्ड' करून ठेवा, नाहीतर उद्याच्या ओळीवर पुन्हा टाचणी येईल.

टाचणी नसेल तर डोकं वर करून गटाच्या ओळीकडे बघा. 'पहिला मजला' ही ठळक अक्षरातली ओळ आणि तिच्या पोटात सेंट्रिंग, सळी, काँक्रीट. त्या ठळक ओळीवर कोणी तारीख टाईप केली असेल तर बंधन तिथे बसतं आणि पोटातल्या प्रत्येक कामाला लागू होतं. पोटातल्या कामांवर मात्र कसलीच खूण दिसत नाही. त्यांचं बंधन बघाल तर 'अॅज सून अॅज पॉसिबल'च लिहिलेलं असतं. एका फाईलमध्ये ह्यावर मी अर्धा दिवस घालवला आहे, कारण मी गटाच्या ओळी मिटवून ठेवून शोधत होते. गटाची ओळ दुसऱ्या गटाच्या ओळीला जोडली असेल तरी परिणाम असाच होतो: तळमजल्यावरचं शेवटचं रंगकाम संपल्याशिवाय पहिल्या मजल्याचं सेंट्रिंग सुरू होत नाही, कारण 'तळमजला' नावाचा अख्खा गट संपायची वाट बघितली जाते. लिंक नेहमी खऱ्या कामांमध्ये टाका. गटाच्या ओळीवर ना लिंक, ना तारीख.

इथे 'टास्क इन्स्पेक्टर' उपयोगी पडतो. काम निवडून 'टास्क' पट्टीवरचं 'इन्स्पेक्ट' दाबलं की डावीकडे यादी उघडते: हे काम ह्या तारखेला का आहे. अगोदरचं काम, बंधन, कॅलेंडर, वरचा गट, माणसांची ओढाताण सोडवताना घातलेला विलंब, जे कारण असेल ते तिथे नावाने सापडतं. मी आता शोधायला तिथूनच सुरुवात करते. २०१३ पासून 'फॉरमॅट' पट्टीवर 'टास्क पाथ'ही आहे. त्यातलं 'ड्रायव्हिंग प्रेडिसेसर्स' निवडलं की ज्या कामांच्या साखळीने ही तारीख ठरवली त्या पट्ट्या वेगळ्या रंगात दिसतात.

झालेल्या कामांची चूक वेगळीच. साइटवरून "खोदकाम पूर्ण" असा निरोप आला, इंजिनियरने टक्केवारीत १०० भरलं आणि तारीख भरली नाही. सॉफ्टवेअर तेव्हा आराखड्यातली तारीखच खरी तारीख मानून घेतं. खोदकाम प्रत्यक्षात आठवडाभर उशिरा संपलेलं असतं, फाईल म्हणते वेळेत संपलं, आणि पुढची सगळी कामं त्या खोट्या तारखेवरून मोजली जातात. १०० भरायच्या आधी 'अॅक्चुअल स्टार्ट' आणि 'अॅक्चुअल फिनिश' भरा. सुपरवायझरच्या वहीत तारीख असतेच, ती मागून घ्यायची.

ऑनर कन्स्ट्रेंटचा टिकमार्क

बंधन आणि लिंक ह्यांची टक्कर झाली तर कोण जिंकतं हे ठरवणारा एक टिकमार्क 'ऑप्शन्स'मध्ये 'शेड्यूल' ह्या पानावर आहे: 'टास्क्स विल ऑलवेज ऑनर देअर कन्स्ट्रेंट डेट्स'. तो मुळात लावलेला असतो, म्हणजे बंधन जिंकतं. काढला की लिंक जिंकते. बरेच जण सल्ला देतात की काढून टाका, कटकट मिटेल. मला तो सल्ला पटत नाही. टिकमार्क काढला की 'मस्ट स्टार्ट ऑन' नुसतं लिहिलेलं राहतं आणि पाळलं जात नाही. तुमच्यानंतर फाईल हातात घेणाऱ्याला ते माहीत नसतं. पण तपासणीपुरता तो फार कामाचा आहे. टिकमार्क काढा, कोणती कामं किती दिवस सरकतात ते टिपून घ्या, टिकमार्क परत लावा. जी सरकली त्यांच्यावरच टक्कर आहे. दुरुस्ती तिथे जाऊन करा.

चवथ, फेस्त आणि पाऊस

आपल्याकडे हाताने तारीख टाईप करण्याचं सगळ्यांत मोठं कारण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गवंडी घरी जातात, सुतार घरी जातात, साइटवर दीड दिवस तर नक्कीच आणि कित्येक ठिकाणी पाच-सात दिवस कोणी नसतं. म्हणून टाइल्सच्या ओळीत "चवथीनंतरची" तारीख घालून मोकळे होतात. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. जुनी फाईल उचलून नवीन कामाला वापरली की गेल्या वर्षीच्या चवथीची तारीख टाइल्सवर चिकटून राहते आणि ह्या वर्षीच्या चवथीत टाइल्स बसवणं आखलेलं निघतं.

चवथ कॅलेंडरात घालायची. 'चेंज वर्किंग टाइम' उघडून 'एक्सेप्शन्स'मध्ये सुट्टीचे दिवस भरा. त्याबरोबर ३ डिसेंबरचं जुने गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आणि तुमच्या साइटवर प्रत्यक्षात पाळली जाणारी प्रत्येक सुट्टी. गावच्या जत्रेचा दिवसही भरा, कारण त्या दिवशी कोणी येत नाही हे तुम्हाला माहीत आहे आणि सॉफ्टवेअरला नाही. मग खोदकाम पुढे-मागे झालं तरी टाइल्सची पट्टी चवथ ओलांडून आपोआप जाते.

पावसाचंही तसंच. मोसमी पाऊस गोव्यात साधारण ५ जूनच्या सुमारास पोचतो. खोदकाम, भराव, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग ह्यांच्यासाठी वेगळं 'पावसाळी' कॅलेंडर करून तेवढ्याच कामांना लावा. आतला गिलावा आणि वायरिंग नेहमीच्या कॅलेंडरवर चालू द्या. सगळ्या कामांना एकच कॅलेंडर लावलं तर जूनपासून पुढे आख्खी इमारत बंद पडलेली दिसते, जे खरं नसतं.

कॅलेंडरमधली एक चूक मात्र सुट्ट्यांपेक्षा जास्त छळते. साइटची वेळ सकाळी ८ ते १ आणि दुपारी २ ते ६, म्हणजे ९ तास. कॅलेंडरात ती बरोबर भरलेली असते. पण 'ऑप्शन्स'मध्ये 'अवर्स पर डे' ८ च राहिलेलं असतं. सॉफ्टवेअर दिवस मोजतं ते ह्या आकड्याने. दहा दिवसांचं काम म्हणजे त्याच्या लेखी ८० तास, आणि रोज ९ तासांनी ८० तास नवव्या दिवशी संध्याकाळी ५ ला संपतात. पुढचं काम त्याच दिवशी ५ ला सुरू होतं. चार्टवर दिसतं की दहा दिवसांचं काम नऊ दिवसांत झालं आणि दोन कामं एकाच तारखेवर चढली, आणि लोक लिंक तपासत बसतात. तारखेचं स्वरूप वेळेसकट दिसेल असं केलंत की ही चूक लगेच पकडता येते. दुरुस्ती 'अवर्स पर डे' ९ आणि 'अवर्स पर वीक' ५४ करून होते, पण ती कामं भरण्याआधी करा. मागाहून केलीत तर भरलेले ८० तास तसेच राहतात आणि दहा दिवसांच्या जागी ८.८९ दिवस दिसायला लागतात. मग कालावधी पुन्हा हाताने भरावे लागतात.

पाणी मारायचे दिवस रविवारी थांबत नाहीत

काँक्रीट पडल्यावर वाट बघण्याचे दिवस लिंकमध्ये 'लॅग' म्हणून घालतात. आयएस ४५६ : २००० ह्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. हे दिवस घड्याळाचे आहेत. काँक्रीट रविवारी सुट्टी घेत नाही.

पण लॅगमध्ये नुसतं १४ दिवस लिहिलंत तर सॉफ्टवेअर कामाचे १४ दिवस मोजतं. साखळीचा स्लॅब ३० जानेवारीला पडला असं धरा. सोमवार ते शनिवारच्या कॅलेंडरवर टेकू काढायचं काम १७ फेब्रुवारीला येतं. फाईलमध्ये मूळचं पाच दिवसांचं 'स्टँडर्ड' कॅलेंडर राहून गेलं असेल तर २० फेब्रुवारीला. प्रत्यक्षात १३ ला १४ दिवस पुरे होतात आणि १४ फेब्रुवारीच्या शनिवारी टेकू निघू शकतात. प्लायवूड आणि टेकू भाड्याचे असतात, आणि तेच वरच्या मजल्याला लागणार असतात. प्रत्येक स्लॅबमागे दोन-चार दिवस असे जातात. उपाय छोटा आहे: लॅगच्या आकड्यापुढे दिवसासाठीच्या 'डी'च्या जागी 'ईडी' ही दोन इंग्रजी अक्षरं टाईप करा. मग सुट्ट्यांसकट सलग दिवस मोजले जातात. मला स्वतःला लॅगपेक्षा 'पाणी मारणे' अशी वेगळी ओळ करून तिचा कालावधी १० ईडी लिहिणं आवडतं. लिंकच्या पोटातला लॅग छापील चार्टवर कोणाला दिसत नाही, ओळ दिसते, आणि पाणी मारणाऱ्या माणसाचं नाव तिच्यापुढे लिहिता येतं.

वीटकाम आणि गिलावा ह्यांसारखी एकामागून एक धावणारी कामं 'स्टार्ट टू स्टार्ट' अधिक काही दिवस अशी जोडतात. त्यात सुरुवात बांधली जाते, शेवट मोकळा राहतो. वीटकाम रखडलं तरी गिलावा वेळेवर संपलेला दिसतो, भिंत नसलेल्या जागी सुद्धा. शेवटही 'फिनिश टू फिनिश'ने बांधावा लागतो, पण मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट दोन कामांमध्ये एकच लिंक टाकू देतं. मी गिलाव्याचे दोन तुकडे करते, बहुतेक भिंती आणि शेवटच्या भिंती, आणि शेवटच्या तुकड्याला वीटकाम संपण्याशी जोडते.

प्रायमव्हेरा पी-सिक्स हे आराखड्याचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तिथे दोन कामांमध्ये एकाहून जास्त लिंक टाकता येतात. बंधनाची खूण तिथे तारखेशेजारी तारका म्हणून येते आणि 'ए' हे अक्षर दिसलं तर ती प्रत्यक्ष तारीख. 'मँडेटरी स्टार्ट' हा तिथला 'मस्ट'चा भाऊबंद, तितकाच हट्टी. आणि बदल केल्यावर एफ-नऊ दाबून आराखडा पुन्हा मोजून घेतल्याशिवाय तारखा बदलत नाहीत. पी-सिक्सवर नवीन आलेल्यांची "हलत नाही" ही तक्रार कित्येकदा तेवढ्यानेच सुटते.

सगळं झाल्यावर एक चाचणी

अमेरिकी संरक्षण खात्याची डीसीएमए ही कंत्राटांवर देखरेख ठेवणारी संस्था आराखडे १४ मुद्द्यांवर तपासते. त्यातली एक चाचणी मी प्रत्येक फाईलवर करते. निर्णायक साखळीतल्या (ज्या कामांवर शेवटची तारीख ठरते त्यांच्या साखळीतल्या) एका न झालेल्या कामाचा कालावधी ६०० दिवसांनी वाढवायचा आणि प्रकल्पाची शेवटची तारीख तेवढीच पुढे जाते का ते बघायचं. आपल्या लहान कामांना १०० दिवसही पुरतात. तारीख तितकी सरकली तर साखळी अखंड आहे. नाही सरकली तर मध्ये कुठेतरी लिंक तुटलेली आहे, नाहीतर कोणीतरी तारीख धरून बसलेलं आहे. बघून झालं की कंट्रोल-झेड.

साखळी गावच्या त्या फाईलमध्ये पहिल्या मजल्याच्या सेंट्रिंगला आम्ही १०० दिवस वाढवले. दुसरा स्लॅब सरकला, गच्ची सरकली, रंगकाम सरकलं. 'घराचा ताबा' ही शेवटची ओळ मात्र होती तिथेच राहिली. तिच्या आधीची एकमेव लिंक सेप्टिक टाकीला होती, रंगकामाला नव्हतीच. तरुण इंजिनियरने फोनवरच ती जोडली, मी परत १०० घालायला सांगितले, आणि ताबा १०० दिवस पुढे गेला.